निळ्याचा जांभळा झाला तेव्हा

चतुर्थीच्या पोस्टरवरचा निळा पडद्यावर झकास, पण म्हापशात छापून आला तो वांग्याच्या रंगाचा. दोष मशीनचा नव्हता. सायन (आकाशी) शाई लाल प्रकाश शोषते, मॅजेंटा (किरमिजी गुलाबी) हिरवा; उरतो निळा. हे झालं कागदोपत्री. खरी सायन थोडा लाल निसटू देते, मॅजेंटा थोडा निळाही खाते. फाइलमध्ये दोन्ही १०० टक्के होत्या. मॅजेंटा ६५ वर आणला, निळा परतला. दोघींत किमान ३० टक्क्यांचं अंतर हवंच.

बारीक अक्षरांचा काळाही चार शायांचा निघाला: सायन ७५, मॅजेंटा ६८, पिवळी ६७, काळी ९०, म्हणजे एकूण ३०० टक्के. पावसाळी दमट हवेत तो लवकर वाळत नाही, कागदही फुगतो आणि चार रंग एकमेकांवर नेमके बसत नाहीत. भिंगातून पाहिलं तर ‘श्री’च्या वेलांटीला गुलाबी कड. मजकुराला नुसता काळा १०० ठेवला, कड गेली.