तळ्याचा गाळ रानात टाकण्याआधी त्यातले धातू कसे तपासायचे

उन्हाळा लागला, तळी आटली, की मला फोन सुरू होतात. "मॅडम, गाळ फुकट मिळतोय, टाकू का रानात?" २०१७ साली सरकारची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आली, त्यामुळे गाळ नेणं ही आता नेहमीची गोष्ट झाली. खेड्यातल्या पाझर तलावाचा असेल तर मी फार ताणत नाही, टाका म्हणते. पण शहराचं सांडपाणी, कारखान्याचा नाला किंवा गणपती विसर्जन ज्या पाण्याला लागलंय, त्याचा गाळ तपासल्याशिवाय नेऊ नये. तपासायचा म्हणजे नत्र-स्फुरद-पालाश नव्हे. शिसं, कॅडमियम, जस्त, तांबं, क्रोमियम, निकेल. एमएस्सीच्या पोरांना प्रोजेक्टसाठी मी जे सांगते तेच इथं लिहिते.

आधी सोलापूरची गोम समजून घ्या. आपल्या पायाखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे, आणि त्याची झीज होऊन झालेली काळी माती. या खडकात तांबं, क्रोमियम, निकेल, व्हॅनेडियम जन्मापासूनच भरपूर. शिसं मात्र फारच थोडं. बाहेरच्या देशातली मानकं किंवा आपल्याकडची कंपोस्टची मर्यादा (क्रोमियम ५०, निकेल ५० मिग्रॅ प्रति किलो) घेऊन बसलात, तर जिथं एकही कारखाना नाही अशा बांधावरची माती नापास व्हायची. ती मर्यादा कंपोस्टसाठी आहे, मातीसाठी नाही, हे अहवाल लिहिणारे विसरतात आणि मग 'क्रोमियमचं भीषण प्रदूषण' अशी बातमी होते.

म्हणून पहिलं काम गाळाचं नाहीच. पहिलं काम पार्श्वभूमीचं, म्हणजे माणसाचा हात न लागलेली माती काय म्हणते ते बघायचं. ती त्याच पाणलोटातली हवी. सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावाचा गाळ असेल तर वरच्या अंगाला, रस्त्यापासून लांब, कधी खत न पडलेल्या पड रानातली माती घ्या. खोल काळ्या मातीशी तुलना करायला मुरमाड माळाची माती चालत नाही, दोघींचा पोत वेगळा, धातू धरून ठेवायची ताकद वेगळी. नान्नजकडचं माळरान बघून मोह होतो, पण माळढोक अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय ढेकूळसुद्धा उचलायचं नाही. पाच-सहा ठिकाणचे नमुने घ्या आणि सरासरीऐवजी मधली किंमत (आकडे क्रमानं लावले की मधोमध येतो तो) धरा, एखादा विचित्र नमुना सगळं बिघडवतो.

काळ्या मातीत आणखी एक खोड आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वरची धूळ थेट खाली पडते. त्यामुळे 'खालचा थर म्हणजे जुना, स्वच्छ थर' हा पुस्तकी नियम इथं आंधळेपणानं लावू नका. तळ्यातल्या गाळात तो लागू पडतो, पण तळं मधे कधी उपसलेलं नसेल तरच. उपसलं असेल तर थरांचा इतिहास ट्रॉलीतून गेला म्हणायचं. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्यांना वर्ष आठवतं.

नमुना काढताना हत्यारं बघा. पत्र्याचं घमेलं नको, त्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि तुम्ही जस्तच शोधताय. पितळेची चाळणी नको, ती तांबं आणि जस्त दोन्ही सोडते. प्लास्टिकचा फावडा-चमचा, नायलॉनची जाळी, जाड पॉलिथिनच्या पिशव्या. बोटातली अंगठी, हातातल्या बांगड्या काढून ठेवा. गाळाचा उभा नमुना हवा असेल तर दोन इंची पीव्हीसी पाईप ओल्या गाळात दाबायचा, वरचं तोंड टोपणानं घट्ट बंद करायचं आणि मग ओढायचा, नाहीतर गाळ खाली घसरतो. चिठ्ठी पेन्सिलनं लिहून दोन पिशव्यांच्या मधे सरकवा. मार्करची शाई ओल्या हातानं पुसली जाते आणि संध्याकाळी तेरा पिशव्यांपैकी कुठली कुठली यावर भांडण होतं.

एका जागी एक खड्डा घेऊन थांबू नका. साधारण दहा मीटरच्या चौकोनात पाच ठिकाणचा वरचा पाच सेंटिमीटर गाळ घ्या, एका प्लास्टिकच्या टबात मिसळा, ढीग करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, बाकीचे टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. नाला तळ्याला मिळतो तिथं, तळ्याच्या मधे आणि सांडव्याजवळ असे वेगळे नमुने ठेवा. धातू बहुधा नाल्याच्या तोंडाशी बसतात, पण बारीक चिकणमाती मधे जाऊन बसते आणि जास्त धातू तिलाच चिकटलेले असतात.

सोलापूरच्या गच्चीवर मे महिन्यात दोन दिवसांत सगळं खडखडीत होतं हे खरं, पण धूळही तितकीच बसते. सावलीत, झाकून, ट्रेमधे वाळवा. पारा बघायचा असेल तर ओव्हन ४० अंशांच्या वर चढवू नका, पारा उडून जातो. वाळला की आधी २ मिलिमीटरनं चाळा, मग त्यातला भाग ६३ मायक्रॉनच्या नायलॉन जाळीतून. सगळ्या जागांचा तोच बारीक भाग तपासला म्हणजे वाळूला वाळू आणि चिखलाला चिखल अशी तुलना होते. दळायला अकीकाचा खलबत्ता. टंगस्टन कार्बाइडच्या गिरणीतून कोबाल्ट येतो.

दळण्याआधी एक गंमत करून बघा. लोहचुंबक पॉलिथिनमधे गुंडाळून नाल्याच्या वाळूतून फिरवा. बाहेर काढलं की त्यावर काळ्या मिशा उभ्या राहिलेल्या दिसतात. तो मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं चुंबकी खनिज, बेसॉल्टमधूनच सुटलेला, आणि त्यात टायटॅनियम, व्हॅनेडियम, क्रोमियम लपलेलं असतं. पाण्याच्या जोरानं तो एखाद्या वळणावर गोळा होतो आणि तिथलं क्रोमियम उगाच चढलेलं दिसतं. म्हणूनच पुस्तकात 'लोहाच्या प्रमाणात मोजा' (म्हणजे धातूच्या आकड्याला लोहाच्या आकड्यानं भागा) असं लिहिलेलं असलं तरी मी इथं ॲल्युमिनियमला प्राधान्य देते. ते चिकणमातीचं आहे, वळणावर जमत नाही.

आम्लात विरघळवणं लॅबचं काम आहे, घरी करू नका. तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल, म्हणजे ॲक्वा रेजिया, धूरकपाटात. आपल्या मातीत चुनखडीचे खडे असतात, त्यामुळे आम्ल पडलं की फेस बीकरच्या बाहेर येतो आणि त्याबरोबर नमुनाही. आधी पाण्याचे दोन-चार थेंब, मग आम्ल थेंबाथेंबानं, फेस बसला की पुढचं, आणि रात्रभर तसंच ठेवून सकाळी तापवायचं. ॲक्वा रेजिया सगळं विरघळवत नाही. क्रोमाइट (क्रोमियमचं खनिज) आणि सिलिकेटमधलं ॲल्युमिनियम बरंचसं मागे राहतं, त्यामुळे ॲल्युमिनियमसाठी एक्सआरएफ (न विरघळवता क्ष-किरणांनी मोजायची पद्धत) घ्या आणि दोन पद्धतींचे आकडे एकाच गुणोत्तरात मिसळू नका. विरघळलेले धातू मोजायला तांबं-जस्ताला एएएस हे साधं यंत्र पुरतं, कॅडमियमसाठी आयसीपी-एमएस हे फार थोडं प्रमाणही पकडणारं यंत्र हवं.

लॅबला तीन गोष्टी मागा, नाही दिल्या तर दुसरी लॅब बघा. नमुना न टाकता केलेली कोरी चाचणी, एकाच नमुन्याची दुबार चाचणी, आणि प्रमाणित संदर्भ खडक, म्हणजे ज्याचे आकडे आधीच माहीत आहेत असा. हवाईचा बेसॉल्ट बीएचव्हीओ-२ आपल्यासाठी छान, कारण तोही बेसॉल्टच. त्यात तांबं १२७ मिग्रॅ प्रति किलोच्या आसपास. तुमच्या लॅबला ते ६० आलं तर बाकीचे आकडे बघायची गरज नाही.

आता हिशोब, जिथं सगळ्यांची गाडी घसरते. जर्मन भूशास्त्रज्ञ म्युलर यांचा १९६९ सालचा निर्देशांक सोपा आहे. नमुन्यातलं प्रमाण भागिले पार्श्वभूमीची दीडपट, आणि त्याचा लॉग बेस २ (म्हणजे २ चा कितवा घात घेतला की तो भागाकार येतो). शून्य किंवा खाली आला तर प्रदूषण नाही, १ ते २ मध्यम, २ ते ३ मध्यम ते जास्त.

समजा नाल्याच्या गाळात तांबं १८० आणि शिसं ६४ आलं. जगभरच्या शेल खडकाची (चिखल घट्ट होऊन झालेला खडक) सरासरी, तांबं ४५ आणि शिसं २०, पार्श्वभूमी धरली तर तांब्याचा निर्देशांक १.४ आणि शिशाचा १.१. म्हणजे दोन्ही मध्यम, तांबं थोडं वरचढ. आता आपल्या पड रानातली किंमत तांबं १२० आणि शिसं ८ आहे असं धरून तोच हिशोब करा. तांब्याचा निर्देशांक शून्य. शिशाचा २.४. तेच आकडे, आणि आरोपी बदलला! पहिल्या हिशोबानं तुम्ही रंगाईवाल्यांच्या मागं लागला असता. दुसऱ्यात जुनी बॅटरी फोडणारे, रंग, मूर्तींचे रंग, रस्त्याची जुनी धूळ यांच्याकडे बघायला हवं.

तांब्याला एवढ्यावर निर्दोष सोडू नका. टॉवेल-चादरीच्या रंगाईत वापरतात त्या काही फिरोजी रंगांच्या रेणूत तांबं असतं. एकूण आकडा पार्श्वभूमीइतका दिसला तरी ते वेगळ्या रूपात बसलेलं असू शकतं. त्यासाठी टेसिये यांची १९७९ सालची, गाळातला धातू टप्प्याटप्प्यानं विरघळवून काढायची पद्धत आहे. खडकातलं तांबं शेवटच्या टप्प्यापर्यंत दगडासारखं बसून राहतं, बाहेरून आलेलं बरंचसं आधीच सुटतं, सेंद्रिय पदार्थाला चिकटलेलं तर हटकून वेगळं दिसतं. महाग आहे, सगळ्या नमुन्यांना नको, शंका असलेल्या दोन-तीन नमुन्यांना करा.

शेतकऱ्याला सांगताना मात्र हे सगळं ऐकवत बसू नका. त्याला तीन ओळी पुरतात. गाळ पड रानाच्या मातीसारखा आहे, टाका. शिसं किंवा कॅडमियम पार्श्वभूमीच्या कितीतरी पट आहे, पालेभाजी आणि चाऱ्याच्या रानात नको. मधलं काही असेल तर एका कोपऱ्यात टाकून पुढच्या हंगामात पुन्हा तपासा. आपल्या मातीचा सामू आठच्या आसपास, त्यामुळे शिसं सहज मुळात जात नाही, पण मातीत साठतं आणि पालेभाजीच्या पानाला लागलेल्या चिखलातून ताटात येतं. मेथी-पालक दोन पाण्यानं धुवायचे ते त्याकरता.

आणि उरलेला दळलेला नमुना फेकू नका. बाटलीत बंद करून जागा, तारीख, खोली लिहून ठेवा. पुढल्या वर्षी कोणी आकड्यावर बोट ठेवलं, की त्याच पावडरीची दुबार चाचणी करून देता येते.