तोंड कमी उघडतंय? हिरड्या दाखवायला जाण्याआधीची तयारी

खर्रा, मावा, गुटखा किंवा नुसती सुपारी खाऊन तोंड आखडत चाललं असेल (डॉक्टर याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात) किंवा गालात पांढरा चट्टा आला असेल, तर हिरड्यांकडे लक्ष सगळ्यात शेवटी जातं. तोंड पुरतं उघडत नाही, पेस्ट झोंबते, मग ब्रश मागच्या दाढांपर्यंत पोचत नाही आणि तिथेच कीट साचून हिरड्या सुजतात.

जायच्या आदल्या दिवशी आरशासमोर बसा. स्वतःची किती बोटं एकावर एक धरून तोंडात मावतात ते पाहा. साधारण तीन मावायला हवीत. गाल, जिभेच्या कडा, जिभेखाली आणि तंबाखूची गोळी धरायची ती जागा उजेडात बघा आणि पांढरं, लाल, खरखरीत जे दिसेल ते लिहून ठेवा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर डॉक्टरांना सगळ्यात आधी तीच दाखवा.

काय खाता, दिवसातून किती वेळा, किती वर्षं, हे खरं सांगायची मनाची तयारी करा. घरचं माणूस सोबत असलं की लोक आकडा कमी सांगतात. वाटल्यास आत एकटे जा. ‘तंबाखू नाही, फक्त सुपारी’ असं असलं तरी सांगाच, कारण एकटी सुपारीही कर्करोगाला कारण ठरते. मिश्री लावत असाल तर तीही सांगा. मधुमेहाचे रिपोर्ट, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चिठ्ठी आणि जुनी बायोप्सी (तुकडा काढून केलेली तपासणी) झाली असल्यास तिचा कागद पिशवीत टाका. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चट्टा असलेल्या तोंडात एखादाच दात अचानक हलायला लागला किंवा त्याभोवतीची हिरडी फुगून रक्त येऊ लागलं, तर ‘काढून टाका’ म्हणू नका. हिरडीचा कर्करोग पायोरियासारखा, म्हणजे हिरड्या सुजून दात हलवणाऱ्या आजारासारखा दिसू शकतो आणि नुसता दात काढल्याने निदान लांबतं. ‘आधी ही जागा तपासा, तुकडा घ्यावा लागेल का?’ असं स्पष्ट विचारा.

दात साफ करून सैल होतात ही भीती घरीच ठेवा. तोंड फार वेळ उघडं राहत नसेल तर सफाई दोन-तीन बैठकांत करायला सांगा. लहान मुलांचा मऊ ब्रश, सौम्य पेस्ट आणि अल्कोहोल नसलेलं माउथवॉश कोणतं घ्यावं, हेही तिथेच विचारून घ्या. खर्रा सुटत नसेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवणारा सरकारी मोफत क्रमांक आहे. पुढच्या तपासणीची तारीख फाईलवर लिहून घ्या. चट्टा दुखत नसला तरी त्या दिवशी जायचंच.