सोव्हिएत बुद्धिजीवी कुठल्या वर्गातला? ठरवायचं कसं

हा विषय निघाला की तासभर नुसती जुंपते, एक म्हणतो ते कामगारच, दुसरा म्हणतो छे, नवे मालक. मी कसं करतो ते सांगतो.

आधी 'बुद्धिजीवी' शब्द बाजूला ठेवा आणि एकच माणूस पकडा, डॉक्टर, कवी, इंजिनियर कोणीपण, आणि सालही धरा. कारण 1928 ला शाख्ती खटल्यात डोनबासच्या खाणीतले 53 इंजिनियर-टेक्निशियन घातपाताच्या आरोपाखाली उभे केले, तेव्हा झारच्या काळातली डिग्री म्हणजेच संशय. मग कामगारांच्या पोरांना धडाधड इंजिनियर केलं, पुढे देशाचा सर्वोच्च नेता झालेला ब्रेझनेव्ह त्याच लाटेतला, 1935 ला पास झालेला.

मग सरकार काय म्हणतं ते बघा, पण तिथेच थांबू नका. 1936 ला राज्यघटना आणताना स्टालिन म्हणाला वर्ग दोनच, कामगार आणि शेतकरी, बुद्धिजीवी हा नुसता थर. चलाखी बघा, वर्गच नाही म्हटल्यावर त्यांचे वेगळे हितसंबंध हा विषयच निघत नाही.

आता खरं काम. पगारावर जाल तर फसाल, सत्तरच्या दशकात नवख्या इंजिनियरपेक्षा मुरलेला कामगार जास्त कमवायचा, डॉक्टर आणि शाळामास्तरांचं तर विचारूच नका. म्हणून पाकिटाबाहेरचं मोजा, फ्लॅट कुठल्या शहरात, डाचा (गावाबाहेरचं सुट्टीचं घर) आहे का, वरच्या लोकांसाठीच्या स्पेशल दुकानात एन्ट्री आहे का, परदेशी जाऊ देतात का. आणि प्रत्येक गोष्टीपुढे लिहा, हे कोण काढून घेऊ शकतं. माझ्या मते सगळ्यात कामाचा रकाना हाच.

या तक्त्यात सखारोव्ह भरून बघा. हायड्रोजन बॉम्बवाला शास्त्रज्ञ, 'समाजवादी श्रमवीर' हा मोठा सरकारी किताब तीनदा मिळालेला. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्या त्याविरुद्ध बोलला आणि जानेवारी 1980 ला पदकं गेली, मॉस्को गेलं, गॉर्की शहरात नेऊन ठेवला, खटला वगैरे काही नाही. पण विज्ञान अकॅडमीतून मात्र त्याला काढलं नाही, म्हणजे 'सगळं पक्षाच्या मर्जीवर' असंही सरसकट लिहू नका.

अजून एक चूक टाळा. युगोस्लाव्हियाच्या बंडखोर कम्युनिस्ट जिलासने 1957 ला 'नवा वर्ग' म्हटलं ते पक्षाच्या नोकरशाहीला, लोक ते खुशाल प्रोफेसरांना चिकटवतात.

चीनसाठी हाच तक्ता चालतो, फक्त साल विसरू नका. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत ज्या बुद्धिजीवींना 'नववे नासके' (शत्रूंच्या यादीतला नववा गट) म्हणून हिणवलं, त्यांना मार्च 1978 ला चिनी नेता डेंगने कामगार वर्गातच बसवलं. माणसं तीच, कामही तेच.