सेफ्टीला शिव्या घालायच्या आधी मॅच कशी बघायची

आपल्या गोव्यात एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची तिकडची लीग, बघणारे वाढलेत. बोटीवर कामाला गेलेली पोरं तिकडे अमेरिकन फुटबॉलचा नाद लावून घेतात, सुट्टीवर घरी आली की मित्रांना पण लावतात, आणि मग रविवारी रात्री साडेदहाला फोंड्यात नाहीतर म्हापशात कोणाच्या तरी हॉलमध्ये पाचसहा जण टीव्हीसमोर ठाण मांडून बसतात. पायाने खेळायचा आपला फुटबॉल आपल्याला नवा नाही, २०१२ पासून तर तो राज्याचा खेळ आहे, त्यामुळे हा खेळही आपण त्याच सवयीने बघतो, म्हणजे नजर बॉलवर. आणि तिथेच घोळ होतो. लांब पास पडला, टचडाउन झाला (म्हणजे समोरच्याने बॉल मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात नेला) की सगळ्यात शेवटी मागून धावताना जो दिसतो तो सेफ्टी, म्हणजे बचावातला सगळ्यात मागचा खेळाडू, मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिली शिवी त्यालाच. कित्येकदा चूक त्याची नसतेच. ती कोणाची होती हे ओळखायला शिकता येतं, फार कठीण नाही.

पहिलं म्हणजे कॅमेरा समजून घ्या. टीव्हीवर जो अँगल येतो त्यात समोरासमोर भिडणाऱ्या दोन्ही लाइन, पास टाकणारा क्वार्टरबॅक आणि आजूबाजूचे दिसतात. सेफ्टी बॉलपासून बारापंधरा यार्ड मागे असतो, म्हणजे बऱ्याचदा फ्रेमच्या बाहेर. क्वार्टरबॅकने लांब टाकायचा विचार केला, बघितलं तर तिथे सेफ्टी आधीच पोचलेला, म्हणून गपचूप जवळचा छोटा पास टाकला, तर ते काम सेफ्टीचं, पण त्याचं नाव कोणी घेत नाही. आपल्याकडे गोलीचं जसं होतं ना, अख्खी मॅच बचावली ते विसरायचं आणि एक गोल गेला की तेवढाच लक्षात ठेवायचा, तसंच याचं. फरक एवढाच की गोली निदान पूर्ण वेळ दिसतो तरी.

आता स्नॅपच्या, म्हणजे बॉल मागे क्वार्टरबॅककडे जाऊन प्ले (एक चाल) सुरू होण्याच्या, आधी मागे किती सेफ्टी उभे आहेत ते मोजायची सवय लावा. फ्रेममध्ये दिसत नसतील तर प्ले सुरू होण्याआधी एखादा रुंद अँगल दाखवतात त्यात बघा. दोन मागे असतील तर साधारण अर्धं अर्धं मैदान वाटून घेतलेलं असतं. एकच असेल तर एकतर तो मध्ये राहून दोन्ही बाजूंना लक्ष ठेवतोय आणि बाकीचे आपापला माणूस धरून आहेत, नाहीतर दोन कॉर्नर (कडेचे बचावपटू) आणि तो मिळून मागचा भाग तीन वाट्यांत सांभाळतायत. एकही नसेल तर कोचने ब्लिट्झवर, म्हणजे जास्तीची माणसं क्वार्टरबॅकवर सोडण्यावर, जुगार लावलाय असं समजा, तिथे टचडाउन झाला तर सेफ्टीवर ओरडण्यात काही अर्थच नाही. मैदान रुंदीला जवळपास ४९ मीटर आहे हो, एकटा माणूस दोन्ही कडांना एकाच वेळी पोचणार कसा?

टचडाउन झाल्यावर लगेच फोन हातात घेऊ नका. रिप्ले येऊ द्या, त्यातही एंड झोनच्या, म्हणजे टोकाच्या त्या पट्ट्याच्या, मागून घेतलेला अँगल सगळ्यात कामाचा. त्यात बघायचं की रिसीव्हरला, म्हणजे पास पकडणाऱ्याला, आधी कोणी सोडला. बरेचदा कॉर्नर त्याला मागच्या माणसाच्या भरवशावर सोडतो आणि मागचा माणूस दुसऱ्या रिसीव्हरकडे वळलेला असतो, म्हणजे दोघांत बोलणंच झालेलं नाही. मग सेफ्टीची पहिली दोन पावलं बघा. क्वार्टरबॅकने धावणाऱ्याला बॉल द्यायची हूल दिली आणि सेफ्टी पुढे धावला तर तो फसला, ही त्याची चूक, ती मोकळेपणाने चूक म्हणा. पण तो जागेवर होता आणि पासच अफाट पडला असेल तर टाकणाऱ्याला दाद द्या, विषय संपवा.

आता एक प्ले नीट उलगडून बघू. १४ जानेवारी २०१८, मिनेसोटा वायकिंग्ज विरुद्ध न्यू ऑर्लिन्स सेंट्स, प्लेऑफ, म्हणजे हरलं की बाहेर. सेंट्स २४-२३ ने पुढे, घड्याळात १० सेकंद, वायकिंग्जकडे घड्याळ थांबवायला टाइमआउट एकही नाही. वायकिंग्जचा क्वार्टरबॅक केस कीनमने उजव्या साइडलाइनकडे पास टाकला, त्यांचा रिसीव्हर स्टेफॉन डिग्जने उडी मारून पकडला. तेव्हा सेंट्सचा सेफ्टी मार्कस विल्यम्स, पहिल्याच सीझनचा पोरगा, डोकं खाली घालून त्याच्या पायांच्या दिशेने गेला आणि डिग्जला हातही न लागता स्वतःच्याच कॉर्नरवर जाऊन आदळला. डिग्ज पडता पडता हात टेकवून सावरला, वळला, पुढे कोणीच नाही. ६१ यार्डांचा टचडाउन, वायकिंग्ज २९-२४ ने जिंकले.

यात चूक विल्यम्सची होती का? होती. त्याने डिग्जला पकडू द्यायचं होतं आणि मैदानाच्या आतच धरून खाली आणायचं होतं, वेळ तिथेच संपली असती. पण जरा लवकर धडक बसली असती तर पास इंटरफिअरन्सचा (पकडायच्या आधीच अडवल्याचा) दंड, बॉल तिथेच वायकिंग्जना मिळाला असता आणि एक फील्ड गोल (लाथेने मारून मिळणारे तीन पॉइंट) त्यांना पुरला असता, हे पण लक्षात घ्या. आणि त्याच मॅचमध्ये सेंट्स १७-० ने मागे होते, परत येताना विल्यम्सने एक इंटरसेप्शन केलं होतं, म्हणजे समोरच्याचा पास मध्येच पकडला होता, ते कोणाला आठवतं सांगा? मॅच संपल्यावर तो पत्रकारांसमोर बसला, प्रश्न टाळले नाहीत. पुढे २०२२ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सने त्याला पाच वर्षांसाठी सात कोटी डॉलरचा करार दिला. एका प्लेवरून माणूस संपला म्हणणाऱ्यांनी हे बघावं, मला तर यातून फार बळ येतं.

टॅकलबद्दल, म्हणजे बॉलवाल्याला धरून पाडण्याबद्दल, बोलताना नियम माहीत पाहिजेत. हवेतल्या रिसीव्हरच्या डोक्याला, मानेला धडक दिली की १५ यार्ड जातात आणि वर लीगचा दंड. २०१८ पासून हेल्मेट खाली घालून धडकणं बंद, २०२४ पासून हिप-ड्रॉप टॅकल (धरून आपल्या कमरेचा भार त्याच्या पायांवर टाकणं) बंद. डेन्व्हरचा सेफ्टी करीम जॅक्सनला २०२३ च्या एकाच सीझनमध्ये असल्या धडकांसाठी दोनदा सस्पेंड केलं. जोरात मारलं तर गलिच्छ, सांभाळून मारलं तर घाबरट, दोन्हीकडून बोलणी सेफ्टीलाच. खेळाडूंची डोकी वाचवायची असतील तर नियम हवेतच, यात मला शंका नाही, पण क्षणार्धात शरीर वळवणं किती अवघड हे मनात धरून बोला.

पैशांवरून होणारी टीका वेगळी. सेफ्टी जमाल अॅडम्सला सिएटलने २०२० मध्ये घेतला तेव्हा दोन फर्स्ट राउंड पिक (नवे खेळाडू निवडायचे पहिल्या फेरीतले हक्क) दिले. त्या वर्षी त्याने साडेनऊ सॅक केले (पास टाकायच्या आधीच क्वार्टरबॅकला पाडणं), डिफेन्सिव्ह बॅकसाठी, म्हणजे कॉर्नर-सेफ्टी अशा मागच्या बचावपटूंसाठी, विक्रम, म्हणून २०२१ मध्ये मोठा करार. मग दुखापतींवर दुखापती, २०२२ च्या पहिल्याच मॅचमध्ये मांडीचा स्नायू फाटला, २०२४ मध्ये टीमने सोडलं. किंमत जास्त मोजली की नाही हा ऑफिसातल्या माणसांना विचारायचा प्रश्न, फाटलेला स्नायू ही त्याची आळशीपणाची खूण नव्हे. टीका करणाऱ्या एका पत्रकाराच्या बायकोला त्याने मध्ये ओढलं ते मात्र वाईटच होतं, तिथे बाजू घेऊ नका.

आणि डमार हॅमलिन. २ जानेवारी २०२३, सिनसिनाटीत, साधी दिसणारी टॅकल करून बफेलोचा हा सेफ्टी उठला आणि कोसळला, हृदय थांबलं होतं, मैदानातच सीपीआर द्यावा लागला. तो जगला, त्याच वर्षीच्या पुढच्या सीझनमध्ये परत खेळला. पण लोकांनी काय पसरवलं? लस घेतली म्हणून झालं, हा खरा हॅमलिन नाहीच, डुप्लिकेट आहे. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं, छातीवर नको त्या क्षणी बसलेला मार. असले फॉरवर्ड आपल्या ग्रुपवर आले तर पुढे पाठवू नका, तिथल्या तिथे खोटं आहे म्हणून सांगा, टाकणारा काका असला तरी.

लिहायचंच असेल तर प्लेबद्दल लिहा, कितव्या क्वार्टरला, कोणाचा माणूस, कुठलं पाऊल चुकलं. खेळाडूला टॅग करू नका, आईबापांना, पोराबाळांना तर मुळीच नको.

सुरुवात करायची तर रविवारची पहिली मॅच घ्या, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं बदलली की ती साडेअकराला सुरू होते. एक अख्खा क्वार्टर बॉलकडे लक्ष न देता फक्त मागच्या दोघांना शोधत राहा, आधी वैताग येईल, मग दिसायला लागतं. सोमवारी ड्युटी असेल तर हायलाइट्सवर भागवू नका, त्यात सगळे टचडाउनच असतात. पूर्ण मॅचचं रेकॉर्डिंग सावकाश दोन रात्री पुरवून बघा.