इंग्रजीत जे धावतं ते आपल्याकडे चालतं

हे मराठी मीडियमवाल्यांसाठी लिहितेय, खास करून ज्यांना पहिली नोकरी नुकतीच लागलीय आणि मेलमधला प्रत्येक शब्द ओळखीचा असूनही वाक्य काही कळत नाही अशांसाठी.

मी पाथर्डी तालुक्यातली, नगरला बीएस्सी केलं आणि पुण्यात एका कंपनीत डेटाच्या कामाला लागले. पहिल्याच महिन्यात टीम लीडचा मेल आला, 'रन द रिपोर्ट बाय मी बिफोर यू सेंड इट'. रन म्हणजे प्रोग्राम चालवणे हे मला पक्कं ठाऊक, म्हणून मी रिपोर्ट पुन्हा एकदा रन केला, बेरीज जुळली, आणि थेट क्लायंटला पाठवून दिला. त्यांना म्हणायचं होतं की पाठवण्याआधी मला एकदा दाखव. एक कॉलम मागच्या महिन्याचाच राहिला होता, त्यांनी बघितला असता तर लगेच सापडला असता. कोणी फार बोललं नाही पण मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

मग मी तेच केलं जे सगळे करतात, फ्रेजल व्हर्बची, म्हणजे क्रियापदाला इनटू, ओव्हर असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलतो त्यांची, यादी काढली आणि रोज चाळीस पाठ. आठवड्यानंतर रन इनटू, रन ओव्हर, रन थ्रू, सगळं एकमेकांत मिसळलं. कृपा करून यात वेळ घालवू नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे संपादक पीटर गिलिव्हर यांना एकट्या रन या क्रियापदावर नऊ महिने काम करावं लागलं आणि अर्थ निघाले ६४५! त्याआधी १९८९ च्या आवृत्तीत सेट पुढे होता, ४३० अर्थांचा. हे वाचून मला घाबरायला नाही झालं, उलट हायसं वाटलं, की हे पाठ करायचं प्रकरणच नाहीये.

खरं कळलं ते माझ्या रूममेटमुळे. ती केरळची, मराठी शिकत होती. एकदा मी फोनवर म्हणाले 'उद्या चालेल', तर तिने विचारलं उद्या कोण चालणार आहे? मग आम्ही दोघी लिहीत बसलो. घड्याळ चालतं, दुकान चालतं, मशीन चालते, पिक्चर पंचवीस आठवडे चालला, घर चालवायचं, संस्था चालवायची, त्याचं तिथे काही चालत नाही, शेजारी काय चाललंय. यातलं एकही मला कोणी शिकवलं नव्हतं. आणि लिहिता लिहिता लक्षात आलं की यातल्या बऱ्याच जागी इंग्रजीवाला रन म्हणतो. दुकान रन करतात, मशीन रन होते, पिक्चर आठवडेच्या आठवडे रन होतो. म्हणजे एखादी गोष्ट थांबलेली नाही, आपली आपण पुढे जातेय, हे सांगायला आपण चालणे धरलं आणि त्यांनी धावणे. एवढं डोक्यात बसलं की निम्मे अर्थ आपोआप सुटतात.

दुसरा मोठा गठ्ठा पाण्याचा. नदी, नळ, नाक, जे जे वाहतं ते सगळं रन. कपडे धुताना रंग जातो तोही रन होतो. रस्ता किंवा भिंत इथून तिथपर्यंत गेलीय तेही रनच, आपणही म्हणतोच ना की हा रस्ता शेवगावला जातो. आणि एखादा गुण घराण्यातच असतो तेव्हा तो फॅमिलीत रन होतो, तिथेही वाहणंच आहे.

निवडणुकीचं मला फार आवडतं. अमेरिकन माणूस निवडणुकीसाठी रन करतो, ब्रिटिश माणूस स्टँड करतो. आपला माणूस निवडणुकीला उभा राहतो!

ऑफिसात मात्र पुढची लवकर लागतात, ती आधी घ्या. रनिंग लेट म्हणजे उशीर होतोय. मीटिंग रॅन ओव्हर म्हणजे वेळेपेक्षा लांबली, पण माणूस रन ओव्हर झाला म्हणजे गाडीखाली आला, इथे जपून. रन आउट ऑफ म्हणजे संपलं, दूध, वेळ, काहीही, क्रिकेटशी याचा संबंध नाही. रनिंग अ टेम्परेचर म्हणजे अंगात ताप आहे. रन इनटू माणसाबरोबर आलं तर अचानक भेट, प्रॉब्लेमबरोबर आलं तर अडचण आली. म्हणजे अर्थ शेजारी कोण बसलंय त्यावर ठरतो, म्हणून सुटा शब्द कधीच लिहून ठेवू नका.

मी एक साधी वही केली. डावीकडे मेलमधलं अख्खं वाक्य जसंच्या तसं, उजवीकडे तीच गोष्ट मी आईला कशी सांगितली असती ते. डिक्शनरीतला अर्थ नाही, आईला सांगायचं वाक्य. लॉंगमन किंवा केंब्रिजची शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी नेटवर फुकट आहे, लॉंगमनमध्ये जास्त वापरातले अर्थ वर असतात, त्यातले पहिले सात-आठ उदाहरणांसकट वाचा आणि बंद करा. बाकीचे भेटतील तेव्हा बघू. आणि मेल कळला नाही तर विचारा, 'म्हणजे आधी तुम्हाला दाखवू का' एवढं एक वाक्य मी तेव्हा विचारायला हवं होतं.

वहीत आता रनची ५३ वाक्यं आहेत. शेवटचं परवाच्या मीटिंगमधलं, 'लेट्स रन विथ इट', आणि समोर लिहिलंय, चला, हेच धरून पुढे जाऊ.