तुरीच्या फुलोऱ्यात लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची जपणूक

मराठवाडा व विदर्भातील खरीप तूर साधारणपणे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात फुलोऱ्यात असते आणि शेंगा पोखरणाऱ्या अळीच्या धास्तीने फवारणीची घाईही याच दिवसांत होते. या घाईत बांधावरच्या वाळक्या लाकडात राहणारा, जांभळट झाक असलेल्या पंखांचा मोठा काळा भुंगा हकनाक मरतो. हा मुळे खाणाऱ्या हुमणीचा भुंगेरा नव्हे, तर एकेकटी घर करणारी मधमाशीच आहे.

तुरीच्या फुलावर तो बसला की त्याच्या वजनाने खालच्या मिटलेल्या पाकळ्या दबतात, आतील पुंकेसर बाहेर येतात आणि पराग त्याच्या पोटाला माखतो. तुरीत स्वपरागीभवनही होते, हे खरे. वांग्यात मात्र या भुंग्याचे काम अधिक मोलाचे आहे. वांग्याच्या परागकोशाला टोकाशी बारीक छिद्रे असतात. भुंगा त्याला कवटाळून अंग थरथरवतो, तेव्हा त्यातून पराग झडतो. सातेरी या पोळे करणाऱ्या देशी मधमाशीला हे साधत नाही.

मादी लाकडात किंवा बांबूत गोल भोक पाडते, भुशाचेच पडदे घालून खोल्या करते आणि प्रत्येक खोलीत पराग व मकरंदाचा गोळा ठेवून एकच अंडे घालते. सातेरीच्या पोळ्यात हजारो कामकरी माश्या असतात. येथे मादी मेली की पुढची वीण थांबते.

म्हणून कामगंध सापळे (नर पतंगांना मादीच्या गंधाने ओढणारे) व पक्षीथांबे (अळ्या टिपणाऱ्या पक्ष्यांना बसायच्या काठ्या) लावून अळीवर लक्ष ठेवावे, सुरुवातीस ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा आणि रासायनिक फवारणी आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे किडीचे नुकसान फवारणीच्या खर्चाहून जास्त होण्याची मर्यादा, ओलांडल्यावरच, सायंकाळी करावी. इमिडाक्लोप्रिड व थायमेथोक्झाम ही कीटकनाशके फुलोऱ्यात टाळावीत. सायंकाळची वेळही पूर्ण निर्धोक नसते. भीमाशंकरच्या जंगलात तर या भुंग्यांची एक जात अंधाऱ्या रात्रीही फुलांवर फिरते.

बांधावरील रुई, तरवड आणि वाळके खोड सरसकट काढू नये. एका बाजूला पेर बंद असलेल्या बांबूच्या नळ्यांची जुडी पावसापासून आडोशाला आडवी बांधावी. घराच्या वाशाला भोके पडत असतील, तर आत कीटकनाशक ओतू नये. भुंगे निघून गेल्यावर भोक बुजवून लाकडाला रंग द्यावा.