लाकडाचा टाल आणि सीझन : या चुका टाळा

खेड्यातल्या टालाला, म्हणजे जळाऊ लाकडाच्या वखारीला, गिऱ्हाईक नाही असे क्वचित होते. गिऱ्हाईक येते तेव्हा वाळलेला माल नसतो, हे मात्र दरवर्षीचे रडगाणे आहे. लग्नसराईत ओले लाकूड, श्रावणात रिकामी जागा आणि दिवाळीनंतर नुसती उधारीची वही.

फोन आल्यावर माल शोधणे

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. एप्रिलमध्ये आचाऱ्यांचे फोन सुरू झाले की टालवाला मिळेल त्या भावात ताजी बाभूळ उचलतो आणि तशीच मांडवात पाठवतो. मग रात्री फोन येतो, "भाऊ, डोये फुटून राह्यले धुरानं, वरन कधी शिजीन?" तो आचारी पुढच्या लग्नाला दुसऱ्या टालावर जातो आणि आपल्यासोबत चार लग्नघरे नेतो.

पैशाचाही हिशेब बघा. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. असे 10 क्विंटल लाकूड नीट वाळले आणि त्यात वीस टक्के पाणी उरले, तर काट्यावर सव्वासहा क्विंटलच भरते. समजा 400 रुपये क्विंटलने घेतले, तर वाळलेला क्विंटल 640 रुपयांना पडला, फोडाईची मजुरी वेगळी. बरेच जण खरेदीचा भाव धरून विक्रीचा भाव सांगतात आणि सीझन संपल्यावर पैसा गेला कुठे म्हणून डोके खाजवतात.

म्हणून लग्नाचा माल दिवाळी झाल्याबरोबर भरा, पावसाळ्याचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. आणलेले ओंडके लगेच फोडा; अख्खा ओंडका वरून वाळलेला दिसतो, आतून ओलाच राहतो. दोन फाटे एकमेकांवर आपटून बघा. वाळलेले टणकन वाजतात, ओल्यांचा आवाज बसका येतो. टोकाला भेगा पडल्या असतील आणि साल सुटत असेल तर माल तयार समजा.

पंचांग न बघणे

मे महिना म्हणजे लग्ने, असे डोळे झाकून धरू नका. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे. त्या महिन्यात बहुतेक घरी लग्न काढत नाहीत. धोंड्याच्या जेवणाला जावई येतात, पण तेवढ्यासाठी कोणी ट्रॉलीभर लाकूड नेत नाही. अशा वर्षी एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा धरून माल लावावा लागतो.

घरगुती गिऱ्हाईक कधी येते, हे न ओळखणे

कापूस आणि तूर निघाली की शेतकऱ्याच्या घरी पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) आणि तुऱ्हाटी (तुरीची) येते. ती पुरते तोवर चुलीला, बंबाला तो टालाकडे फिरकत नाही. हा साठा पावसात भिजला की तेच लोक येतात. शिवाय गुलाबी बोंडअळीमुळे पऱ्हाटी रचून ठेवू नका असा कृषी विभागाचा सल्ला असतो, आणि बरेच शेतकरी ती रोटाव्हेटरने शेतातच बारीक करतात. तुमच्या गावात यंदा पऱ्हाटीच्या गंज्या किती लागल्या हे मार्चमध्येच फिरून बघा. गंज्या कमी म्हणजे पावसाळ्यात मागणी जास्त.

ताडपत्रीत गुंडाळून ठेवणे

मृगाच्या आधी ढीग चारही बाजूंनी बांधून टाकतात. आतला दमटपणा बाहेर निघत नाही आणि लाकडाला बुरशी धरते. खाली विटा किंवा दगड लावून ढीग जमिनीवरून वीतभर उचला, ताडपत्री फक्त माथ्यावर टाका, कडेने वारा खेळू द्या. उधईही (वाळवी) कमी लागते. विंचू मात्र हमखास सापडतो, हात घालण्याआधी काठी मारा.

मयतीचे लाकूड वेगळे न ठेवणे

त्याला ना सीझन, ना आधी निरोप. भर पावसात रात्री लोक येतात आणि ओले लाकूड दिले तर मोक्षधामात सगळ्या नातलगांसमोर चिता पेटत नाही. गाव हे वर्षानुवर्षे विसरत नाही. दोन-तीन मयतींचे जाड, वाळलेले लाकूड छपराखाली बाजूला ठेवा. लग्नसराईत कितीही ओढ असली तरी त्याला हात लावू नका.

उधारीबद्दल एवढेच: लग्नघराकडून इसार घेऊनच ट्रॉली भरा. लग्न उरकल्यावर नवरीच्या बापाला पैसे मागायला जाणे जिवावर येते.

कागदपत्रेही सीझनच्या आधीच उरका. सागवान, मोह, आंबा, चिंच, जांभूळ ही झाडे 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. शेत स्वतःचे असले तरी ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. कोणत्या लाकडाला वाहतूक परवाना लागतो हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या, आणि शेतकऱ्याकडून माल उचलताना त्याच्या सातबाऱ्याची प्रत ट्रॅक्टरमध्ये ठेवा.